पाव फेरा

डलूथ. फेब्रुवारी. तळं अजून कडक गोठलेलं.
मी उताणा, कमरेपर्यंत सिंकखालच्या कपाटात,
मानेखाली ऑकर्स्ट्रॉमबाईंनी दिलेला जुना टॉवेल,
नाकाशी भांड्यांच्या साबणाचा वास,
डोक्यावर खरकटं दळणारं यंत्र,
पोटभर जेवून गप्प बसल्यासारखं.

इथून बाहेरचे दिसतात फक्त बूट.
रेनो कोस्केलांचे.
डाव्याची नाडी सुटलेली.

वायरिंग त्यांचं. तपासणी माझी.
एकोणीस वर्षांपूर्वी याच बुटांच्या मालकाने मला शिकवलं:
आधी ब्रेकर पाड.
पाडलाय असं वाटलं, तरी टेस्टर लाव.
वाटणं म्हणजे मोजणं नव्हे.
पाणी वाट काढतं, वीजही काढते,
आपलं काम एवढंच,
दोघांची गाठ पडू द्यायची नाही.

बघतो.
डिशवॉशरचं सॉकेट त्याच्या पाठीमागे कोंबलेलं नाही,
इथेच, शेजारच्या कपाटात, हात पोचेल असं.
फळीच्या भोकाला रबरी कडं, वायर कापली जाणार नाही.
दळणयंत्राची लाइन वेगळी.
चाचणीचं बटण दाबलं: टक्.
वीज गेली. जायला हवी तशीच गेली.

मग ब्रेकर पाडला, टेस्टर लावला,
आणि पेटीचं झाकण उघडलं.

हिरवी तार.
एरवी तिला काहीच काम नसतं,
वर्षानुवर्षं नुसती बसून असते
एखाद्या दिवशी पत्र्यात वीज उतरली
तर त्या एका दिवसासाठी.
बोटाने हलवली.
हलली.
स्क्रू पाव फेरा कमी.

खिशात स्क्रूड्रायव्हर होता माझ्या.
तपासणाऱ्याने हात लावायचा नसतो,
पण बुटांना कुठे डोळे असतात.

"काय रे?" वरून आवाज.
मी उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ लावला.
"लिही," ते म्हणाले.
मग, थोडं थांबून,
"हात थरथरतो हल्ली. घट्ट बसला असं वाटलं."

वाटलं.
त्या शब्दापाशी आम्ही दोघेही थबकलो.

बाहेर आलो. लाल चिठ्ठी लिहिली.
त्यांच्या नावाचं स्पेलिंग विचारावं लागलं नाही.
ऑकर्स्ट्रॉमबाई दारातून: "म्हणजे आज भांडी...?"
आज हातानेच, बाई.

फेरतपासणी गुरुवारी, असं चिठ्ठीवर छापलेलंच असतं.
रेनो गुडघ्यांवर बसले, मग कुशीवर, मग आत,
एकेका हाडाला विचारत.
माझी बॅग भरून झालेली,
बाहेर गाडीच्या काचेवर बर्फ चढत असलेला.
मी वाकलो. बॅटरी लावली.

"तोंडावर नको," आतून खेकसले,
"कामावर धर."