देवळीच्या मापाचा

दोऱ्याला तीन गाठी मारून मी दुकानात गेले.
पहिली गाठ देवळीच्या रुंदीची,
दुसरी तिच्या खोलीची,
तिसरी कशाची होती ते स्टेशन रोडवर पोचेपर्यंत विसरले.
घरात टेप होती, पण तिचे पहिले चार इंच
लेकीनं कशाला तरी कापून नेलेले.

जुना टॉवर दिवाणाखाली असायचा.
अकरा वर्षं. जिंतूर रोडची धूळ पोटात घेऊन.
रात्री साडेदहाला बटण दाबलं
की गिरणीचा पट्टा चढल्यासारखा आवाज,
अन् वर झोपलेली अन्वी झोपेतच पाय आपटायची.
खोली एकच. तिची झोप अन् माझं काम
एकाच वेळेला सुरू होतं.

काम म्हणजे निजामाच्या काळातली कागदं:
खासरापत्रक, मुंतखब, कुणाच्या वाटणीचा जबाब.
उर्दूतून मराठीत आणून देते.
पानाला ऐंशी, वाळवीनं खाल्लेलं असलं तर शंभर.
उर्दू मला शेजारच्या जमीला आपांनी दिली,
परातीतल्या पिठावर बोटानं अलिफ काढून.

मुख्तारभाईंनी काचेवर डबे मांडले.
एक तर सुपारीच्या डब्याएवढा.
"हा लई ताकदीचा, ताई. पोरं गेम खेळायलेत ह्याच्यावर."
मला गेम नको. मला नुक्ता दिसला पाहिजे,
एका नुक्त्यावर बांध इकडचा तिकडं होतो.
"हा स्वस्तातला. पण रॅम चिकटवलेली, पुढं वाढत नाही."
म्हणजे भाड्याचं घर, खिळासुद्धा ठोकायचा नाही.
"अन् हा वापरलेला. हैदराबादच्या कंपनीत
तीन वर्षं एसीत बसून होता."
मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.
परभणीचा मे महिना याला कुणी सांगितला असेल का?

मागची भोकं मोजली.
स्कॅनर, प्रिंटर, कीबोर्ड, माऊस: जमलं.
जुन्या मॉनिटरचं निळं, पंधरा टोकांचं तोंड मात्र
कुठंच बसंना.
"कन्व्हर्टर लागंल. अडीचशे."
लाइट गेल्यावर किती खातो, विचारलं.
"टॉवरच्या मानानं उपवासच करतो म्हणा."
मग मी दोरा काढला.
त्यांनी दोरा पाहिला, डबा पाहिला.
"देवळी किती बाजूंनी उघडी?"
एक.
"मग तिथं नका ठेवू. गुदमरंल."
एवढ्या गाठी मारून आणलेला दोरा
मी पर्समध्ये परत ठेवला, तिकिटासारखा घडी करून.

"मॉनिटरच्या पाठीला लावू. चार स्क्रू.
समोरून दिसणारच नाही."

पण मला त्याचा आवाज ऐकायचा होता.
"कशाचा?"
याचा. रात्री चालतो तसा.
मुख्तारभाईंनी कूलर बंद केला. पंखा बंद केला.
पोऱ्याला सांगून शटर अर्ध्यावर ओढलं.
काउंटरवर कान टेकवून मी उभी,
समोर कान टेकवून ते.
बाहेर ऑटोवाला कुणाशी तरी भांडत होता,
तो दम घ्यायला थांबला
तेवढ्यात ऐकू आलं:
उशीखाली ठेवलेल्या घड्याळाइतकं.
"अठरा वर्षं झाली दुकानाला," ते म्हणाले,
"इतकं गप्प कधी केलं नव्हतं."
अन् लगेच धंद्यावर आले:
"सहा महिने वॉरंटी. पुढं
बनी तो बनी, नहीं तो परभणी."
दोनशे रुपये सोडले. स्क्रूचे वेगळे घेतले.

पहिल्या रात्री बटण दाबून मी वाट बघत बसले,
काहीतरी गुरगुरेल म्हणून.
नुसता पांढरा ठिपका लागला.
अन्वी कुशीवर वळली.
"बंद केलंस का गं?"
चालू आहे.
"मग आवाज?"
नाही येत. झोप.

पडद्यावर गंगाखेडकडचा एक खासरा उघडला.
शाई पसरलेली. मोठं करून पाहिलं,
आणखी मोठं.
चिंचेची झाडं दोन. बाभळी सात.
विहीर एक.
पाणी…
इथं डाग आहे.
उद्याच्या उजेडात परत बघावं लागंल,
पण बहुतेक
गोड.