पातळ

माझ्या आईच्या तोंडी पातळ म्हणजे नेसायचं.
माझ्याकडे ती अजून येतात, फॉलला, पिकोला,
पानमळ्यातल्या खोलीत, खिडकीशी.
मार्चपासून मात्र आमच्या घरात
पातळ म्हणजे ह्यांचं रक्त.

ते आधीच पातळ होतं.
दाढीला जरा कापलं की टॉवेल भरायचा,
दात घासले की बेसिन लाल.
प्लेटलेट बासष्ट हजार. लिव्हरचा दगड झालेला.
थोपटेबाई हळूच विचारून गेल्या, किती घ्यायचे हो रोज?
थेंब नाही, बाई.
एकोणनव्वद साली खड्ड्यात उतरले असताना
मांडीवर पाइप पडला,
तेव्हा तीन बाटल्या चढवल्या कुणाकुणाच्या.
त्यातली एक कावीळ
तीस वर्षं गप्प बसून होती.

मग सोनोग्राफीच्या अंधारात
त्या मुलीचा हात एका जागी थांबला.
लिव्हरकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत
गुठळी.

मी म्हटलं, मॅडम, ज्याचं रक्त थांबत नाही
त्याचं रक्त गोठतं कसं?
गुर्जर मॅडमनी पेन खाली ठेवलं.
गोठवणारं लिव्हरच बनवतं, म्हणाल्या,
आणि वाहतं ठेवणारंही तेच.
दोन्ही पारड्यांतली वजनं कमी झालीत.
काटा मध्ये दिसतो,
पण नुसती फुंकर पुरते.

हे हसले.
जुनी लाइन आहे मॅडम. इथं गळते, तिथं तुंबते.
एकतीस वर्षं पर्वती जलकेंद्रात चावी फिरवली ह्यांनी.
गुरुवारी तोडायचं, शुक्रवारी सोडायचं,
तेही आटे मोजून.
एकदम सोडलं तर सांधे फुटतात.
हेच, मॅडम म्हणाल्या.
म्हणून आधी घशातून दुर्बीण,
अन्ननलिकेत फुगलेल्या शिरांना रबरबँड.
मग औषध.

थोरले दीर आडवे आले.
आधीच गळका माठ, त्याला वर भोक पाडता?
मी त्यांना गप्प केलं.
रात्री छताकडे बघत
तेच वाक्य मीही म्हणत होते.

गोळी नको ठरली. आयएनआर एक पूर्णांक सात,
गोळी खाणाऱ्याचा असावा तसा,
गोळी न खाताच.
माप आधीच खोटं बोलतंय,
मग मापून काय कळणार?
तेव्हा इंजेक्शन.

सकाळी आठ, रात्री आठ.
बेंबीपासून चार बोटं सोडून चिमूट धरायची,
सुई सरळ, नंतर चोळायचं नाही.
आयुष्यभर सुई धरली मी,
पण कापड कधी श्वास रोखत नाही.
पहिल्या दिवशी माझाच हात ओला झाला.
आता पोटावर डाग आहेत,
चिंतामणी, अंजिरी, कडेला पिकत चाललेला हळदी.
कुठल्या डागाला कुठलं रीळ लागेल
हे मला न बघता सांगता येईल.

आणि रोज सकाळी, संडासच्या दाराशी, मी विचारते,
रंग?
डांबरासारखा काळा असेल तर तडक निघायचं,
मध्यरात्र असली तरी.
चाळीस वर्षांत इतकं उघड
आम्ही कशावरच बोललो नव्हतो.
शेवाळी, म्हणतात हे.
थापा मारू नका.
मग येऊन बघ.
मी जाऊन बघते.

तीन महिन्यांनी पुन्हा तो अंधार, तीच मुलगी.
मशीनमधून आवाज आला, फस्, फस्,
ह्यांनी डोळे मिटून कान दिला.
आधी हवा येते, मला म्हणाले, मग पाणी.
मुलगी म्हणाली, काका, हलू नका.
गुठळी अर्धी विरघळली होती. अर्धी होती.
मॅडमनी आणखी तीन महिने लिहून दिले,
पुढचं पुढे बघू म्हणाल्या.
त्या बघू म्हणाल्या म्हणून मला जरा बरं वाटलं.

रिक्षाने घरी आलो तर गुरुवार, नळ कोरडा.
ह्यांनी सवयीने तोटी अर्धी उघडी ठेवली,
खाली पातेलं,
पहाटे आलं की आवाजाने कळावं.
मग कॉटवर बसले, सदरा वर केला.
आठ वाजत होते.
मी सुई घेतली
आणि पोटावर
जागा शोधायला लागले.