विनाथांबा

सकाळी सव्वासहाची चोपडा–धुळे.
चहा अर्धा कप, पाणी दोन घोट,
तेही रक्तदाबाची गोळी गिळायची म्हणून.
अकरा वर्षं हा हिशेब मी बिनचूक ठेवला
किती प्यायलं म्हणजे धुळ्यापर्यंत निभतं
आणि धुळ्याला जावं लागत नाही.
तिथल्या त्या खोलीला दार आहे, कडी नाही.
एका हातानं दार धरायचं,
दुसऱ्यात कॅशबॅग, आणि साडी दातात.

बाटली होती माझ्याकडे. निळी, झाकणाला दोरी.
घरून भरून न्यायची,
भरलेलीच परत आणायची.
संध्याकाळी तेच कोमट पाणी तुळशीला.

मेच्या सतरा तारखेला, अंमळनेर सोडल्यावर,
पाठीत डाव्या बाजूला कुणीतरी पाना लावला
आणि नट आवळायला घेतला.
सावकाश.
दमून थांबलं. मग परत.
दोन बाळंतपणं झालीत माझी,
त्या कळांना निदान ठाऊक होतं कुठं उतरायचंय.
ही बिनतिकिटाची,
पाठीतून बरगडीखाली, तिथून जांघेत,
बसू देईना, उभं राहू देईना.
मशीन हातातून सुटलं,
कागदाची गुंडाळी उलगडत मागच्या सीटपर्यंत गेली.

"काय व्हयनं वं माय तुले?"
पुढच्या बाकावरची म्हातारी.
"पानी पे, पानी."
मला हसू आलं, आणि हसता हसताच उलटी.
कंखरेदादांनी घंटी नसताना गाडी थांबवली
एका निंबाखाली.
चव्वेचाळीस माणसं खाली उतरून उभी.
एकाला हळदीला पोचायचं होतं,
त्यानं दोनदा घड्याळ पाहिलं,
मग स्वतःचा रुमाल भिजवून दिला.

सहा मिलिमीटर.
तुरीएवढा, म्हणाल्या डॉक्टर झांबरे.
पडेल आपला आपण, पण रडवेल.
घरी ज्यानं त्यानं औषध सांगितलं.
सासूनं पानफुटी, नणंदेनं कुळथाचं कढण,
कंखरेदादांनी इकडंतिकडं बघून बिअर.
झांबरेबाईंचं एकच, पाणी.
तीन लिटर, आपल्याकडच्या उन्हात त्याहून जास्त.
लघवीचा रंग बघत जा,
हळदीसारखी दिसली की समजा कमी पडलं.
मीठ कमी, लोणचं, उडदाचे पापड बेतानं,
लिंबू पिळून घ्या, दूध मात्र सोडू नका.
आणि लागली की जायचं.
धरून ठेवायची नाही.

मी म्हटलं, कुठं?

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. काढलं.
कागदावर त्याच्यासाठी जागा नव्हती.

नवव्या दिवशी पहाटे
गाळणीत टिच् झालं.
तपकिरी, गोखरूसारखा काटेरी.
एवढासा.
मी त्याला धुतला, पुसला,
कॅशबॅगेत सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात टाकला.
अजून कुणाला रुपया परत देताना
बोटाला लागतो.

कामावर आले त्या दिवशी तक्रारवही मागितली.
तारीख, वेळ, कडी नाही.
दुसऱ्या दिवशी, तारीख, वेळ, कडी नाही.
वहीतलं माझं अक्षर हळूहळू सुधारत गेलं.
एकविसाव्या दिवशी साहेब म्हणाले,
भारंबेताई, वर कळवलंय.

वर म्हणजे कुठं ते मी विचारलं नाही.
स्टँडसमोरच्या दुकानातून
कडी घेतली पस्तीस रुपयांची, चार स्क्रू.
कंखरेदादांनी टूलबॉक्समधला पेचकस दिला
आणि पाठ करून उभे राहिले, पहाऱ्यासारखे.
लाकूड कुजकं, तिसरा स्क्रू काही बसेना.
तिनावर भागवलं.
पावती तक्रारवहीला टाचली.

काल दुपारी गेले तर दार आतून बंद.
ढकललं, हललं नाही.
आतून शहाद्याच्या गाडीवरची लीलावती म्हणाली,
"थांब गं, आले."

थांबले.
ऊन होतं. बाटली काढली,
अर्धी तर झालीच होती.
उरलेली तिथंच उभ्यानं संपवली.