बेमालूम

पहिले तीन दिवस व्हिएनोबाई माउस धरायच्या
तो खऱ्या उंदरासारखा: दोन बोटांत, अंगापासून जरा लांब.
मी सोळा वर्षांची. तासाला दहा मार्क,
वेलदोड्याचा पाव, कॉफी हवी तेवढी,
असा आमचा करार.
फोर्सात नोव्हेंबर. चारलाच खिडकी काळी व्हायची
आणि मॉनिटर ही त्या खोलीतली
एकच उघडी जागा उरायची.

त्यांना फरशी करायची होती.
एकच चौकोन, एकशे अठ्ठावीस पिक्सेल लांब, तितकाच रुंद,
असा की शेजारी तोच ठेवला, खाली तोच, वर तोच,
तर सांधा कुठे ते कुणाला सांगता येऊ नये.

काचेवर त्यांनी अंगणातल्या पिहलायाची पानं मांडली,
मध्ये लाल फळांचा एक झुबका.
म्हटलं, आता गंमत बघा. फिल्टर, मग ऑफसेट,
अर्धं उजवीकडे, अर्धं खाली.
चित्र स्वतःच्याच आत वळलं.
चारी कोपरे मधोमध येऊन भेटले
आणि इतका वेळ कडेला लपलेली भेग
क्रूसासारखी भर मध्यात उभी.

"हिला मी ओळखते," बाई म्हणाल्या.
सत्तावीस वर्षं कापडगिरणीत, छपाई खात्यात,
रुळाचा घेर जिथे संपतो आणि पुन्हा सुरू होतो
त्या जागेवर नजर ठेवायची, एवढंच काम.
"पाकळी केसभर सरकली
की दहा हजार मीटर पडदे वाया.
फूल काय, कुणीही काढतं.
त्याला फिरून त्याच्यापाशीच आणून सोडणं..."
वाक्य तिथेच ठेवून त्यांनी कॉफी ओतली.

क्लोन स्टॅम्प मी दाखवला, एकदाच.
इथलं उचलायचं, तिथे लावायचं.
त्या त्याला रफू म्हणाल्या.
मी मोठा मऊ ब्रश फिरवायची, धुरकट डाग पडायचा.
त्यांचे बारीक टिपके: एक पानाच्या शिरेवर,
एक देठाच्या आडोशाला, सरळ ओळीत कधीच नाही.
"डोळा रेघ शोधत येतो. त्याला रेघ द्यायची नाही."

नाताळपर्यंत बर्चची साल झाली, काचेवरचं हिम झालं,
लिंगनबेरीचा मुरंबाही झाला
(त्याची फरशी पसरली तेव्हा पडद्यावर खून झाल्यासारखं दिसलं;
पुसून टाकली).

मग एकदा स्कॅनरवर राखाडी स्वेटर. ताइस्तोचा.
बाही काचेवर, बाकीचा टेबलावरून लोंबत,
झाकण बसेना म्हणून वर टेलिफोन डिरेक्टरी.
विणीला वीण पटकन जुळली.
फक्त कोपराजवळ सिगारेटनं पडलेलं एक भोक.
मी कर्सर तिकडे नेला.

"थांब. आधी पडदा भर."

भरला.
आठ सक अठ्ठेचाळीस भोकं,
शिस्तीत, रांगेनं, वरपासून खालपर्यंत.

"बत्तीस वर्षांत एकदाच," त्या म्हणाल्या,
"बर्फावर मासे धरताना डुलकी लागली होती त्याला.
आणि आता बघ, ओढतोय, ओढतोय,
बाबा थांबायचं नाव घेत नाही."
हसता हसता ठसका लागला. मी पाणी आणलं.

फाइलला नाव दिलं: स्वेटर दोन.
एक कुठे आहे, मी विचारलं.
"हा काय," म्हणत त्यांनी लोंबती बाही उचलली.

त्या दिवशी मी पैसे घेतले नाहीत. पाव घेतला.
बूट घालताना दारातून दिसलं:
त्या स्वेटरची घडी घालत होत्या,
दोनदा उलगडून,
कोपर वर येईल अशी.