पांढरी पाच

मंगळवारपासून काहीतरी खुरखुरतंय.
सगळ्यात जाड तारेवर, तिसऱ्या पडद्याशी.
बाकी सगळीकडे माझी बास
दगडी जिना उतरणाऱ्या माणसासारखी शांत,
आणि नेमकी तिथे पोचली
की चपलेत खडा.

आधी मानेवर संशय घेतला.
डिसेंबर लागला की ग्वाल्हेरात लाकूडसुद्धा आखडतं.
षट्कोनी किल्ली पाव फेरा फिरवली,
रात्रभर भिंतीला टेकवून ठेवली.
सकाळी तारेखालून व्हिजिटिंग कार्ड सरकवलं.
डॉ. कुशवाह, दंतचिकित्सक,
कुठेही न अडकता आरपार गेले.
उंची बरोबर. खुरखुर तिथेच.

मग स्क्रू.
ब्रिजवरचे आठ, खुंट्यांमागचे चार,
पट्टा अडकवायचं बटण,
पिकअपखालची स्प्रिंग
(तिच्यात जुन्या चपलेचा फोम कोंबला).
शेजारच्या निमिषला म्हटलं, मी वाजवते,
तू एकेक जागा बोटाने दाबत जा.
तो दाबत गेला, डॉक्टरसारखा विचारत,
इथे? इथे दुखतं?
नाही.
तिथेही नाही रे.

घूं घूं वेगळी. ती तार धरली की थांबायची,
म्हणजे मीच ती वायर, मीच जमिनीत जाणारी.
तिच्यासाठी रामसेवक आला, बोर्ड उघडून म्हणाला,
दीदी, इस घर में अर्थिंग है ही नहीं,
नाम का तार है बस.
तीनशे रुपये आणि घूं घूं, दोन्ही गेलं.
खुरखुर बसून राहिली पाहुण्यासारखी.

शनिवारी मुरारला लग्नाचा कार्यक्रम.
ड्रमवाला सॅम्युएल म्हणतो, मांडवात कोण ऐकतंय!
मी ऐकतेय ना.

आतल्या खोलीतून आत्या:
"नाव म्हणे बास, आणि थांबायचं नाव नाही."
जनकगंजच्या शाळेत एकतीस वर्षं गाणं शिकवलेली,
आता गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी.
मी चिडूनच म्हटलं, तू तर मुद्दाम करायचीस हे,
तारेखाली दोरा सरकवून सरकवून,
आणि झणझणलं की डोळे मिटायचीस!

"ती जवारी," ती म्हणाली.
"जवारी अख्ख्या तारेची असते.
ही कुणा एकाची कुरकुर आहे.
वाजव पुन्हा."

वाजवलं.

"पांढरी पाच," ती म्हणाली. "अजून एकदा."

मग उठली. भिंत धरत धरत आली,
माझ्याकडे नाही, कपाटाकडे.
"तुझ्या वाद्यात नाहीच ते."

तिसऱ्या फळीवर कापराची डबी.
डबीत तंबोऱ्याचे चार मणी,
एकाचा टवका उडालेला.
तंबोरा जाऊन आठ वर्षं झाली,
दतियाच्या कुणा मुलीला दिला, गवसणीसकट,
नवे मणी घालून.
जुने ठेवून घेतले, हे बोलली नव्हती कुणाला.
इतके दिवस स्वेटरांच्या घड्यांत गप्प होते.
मंगळवारी थंडी वाढली
आणि स्वेटर मीच काढले होते.

"माझा सा होता तो,"
म्हणाली, डबीकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही.
मग वातींचा कापूस घेतला,
डबीत दाबून बसवला, झाकण लावलं.
"हं. आता."

पायरी अख्खी पायाखाली आली.
तार विझेपर्यंत आम्ही दोघी
काहीच बोललो नाही.

"वर टोकाकडे अजून एक बारीक आहे," आत्या म्हणाली,
"ती मात्र तुझीच."
मला माहीत होतं. वाटलं होतं तिला नाही ऐकू येणार.

किल्ली घ्यायला वाकले तर वीज गेली.
अँप मुका झाला, गल्लीत कुणीतरी ओरडलं,
आणि मी अंधारातच
लाकडाला कान लावून बसले.