सुटे भाग

पोस्टातून आला तेव्हा इतका हलका होता
की काउंटरवरच्या मुलीनं एका हातानं दिला.
एकोणऐंशी युरो. हिरवं प्लॅस्टिक,
तोफेत साबुदाण्याएवढ्या गोळ्या,
पोटातून इंजिनाचा आवाज,
म्हातारा कुत्रा खोकतो तसा.
बर्फ पडेपर्यंतचा चाळा, तौनो म्हणाला.

बर्फ ऑक्टोबरातच पडला.

पहिल्याच दिवशी पट्टा उतरला.
अंगणातल्या चार बोटं बर्फात
एक बाजू चालते, दुसरी थांबते,
आणि रणगाडा स्वतःभोवतीच फिरतोय,
चष्मा शोधणाऱ्या माणसासारखा.
मग तांपेरेहून धातूचे पट्टे आले.
त्यांचं ओझं प्लॅस्टिकच्या दात्यांना पेलेना;
गिअरपेटी उघडली तर आत
उंदराच्या दातांसारखा चुरा.
म्हणून पोलादी गिअर. त्यांना
जुन्या मोटरी पुरेनात. नव्या मोटरींना
बॅटरी पुरेना. नवी बॅटरी लावली
तर सर्किटमधून
जळक्या केसांचा वास.

चार आण्याची कोंबडी, मी म्हटलं.
मसाला अजून संपलेला नाही, तो म्हणाला.

सत्तावीस वर्षं तो गिरणीत
तीन नंबरच्या कागदयंत्रावर होता.
यंत्र विकलं गेलं, तेव्हा ते उतरवायलाही
यांनाच ठेवून घेतलं, पाच महिने.
नटानटाला चिठ्ठी, रोलरारोलराला आकडा,
सगळं खोक्यांत भरून बंदरावर.
दिल्या घरी सुखी राहा,
असलं काही तो बोलला नाही.
फक्त घरी येऊन
हात फार वेळ धूत बसायचा.

आता सौनाच्या बाहेरच्या खोलीत,
जिथं आम्ही कपडे काढून ठेवतो,
तिथं अंड्यांच्या ट्रेमध्ये स्क्रू आहेत.
प्रत्येक खळग्याला आकडा.
सातच्या पोटातून आडवी रेघ,
तेच वळण.

दुपारी तीनला अंधार पडतो
आणि तौनो बोलू लागतो:
अर्ध्या मिलिमीटरचा वायसर घातला
की किरकिर थांबते. ग्रीस कमीच बरं,
थंडीत गोठतं. पट्टा फार ताणू नये,
थोडा लोंबता ठेवावा.
एका संध्याकाळी इतके शब्द!
आमचं सबंध मागलं वर्ष
याहून कमी शब्दांत भागलं होतं.

बुरुजावरचा तारा त्यानं नखानं खरवडला.
जागी दुसरं काही लावलं नाही.
शेजारचा इर्यो कुंपणावरून म्हणाला,
लढणार कुणाशी?
बर्फाशी, तौनो म्हणाला,
आणि ते खरंच होतं.

जानेवारीत, उणे अठरात,
बॅटरी आतल्या खिशात उबेला ठेवून
आम्ही फाटकापाशी गेलो.
माझ्या पिठाच्या काट्यावर आता
चार किलो सातशे भरत होता.
नगरपालिकेच्या नांगरानं लोटलेला ढिगारा,
माझ्या कमरेएवढा.
चढला. घसरला. चढला.
मधेच तिरका होऊन असा थांबला
की मीच पुढं झुकले, उगाच,
जणू माझ्या झुकण्यानं काही होणार होतं.
मग पोचला.
वर उभा राहून
धूर सोडू लागला, पॅराफिनचा, पांढरा.
तौनोनं नाक पुसलं. थंडीच होती तेवढी.

बाकाखाली बुटांचं एक खोकं आहे.
काल झाडताना उघडलं:
जुने पट्टे, जुन्या मोटरी,
चुरा झालेले गिअर पिशवीत,
जळका बोर्ड, खोकणारा स्पीकर,
सगळ्यांना चिठ्ठ्या.
मांडून बघितलं, जमिनीवर,
ज्याचं त्याच्या जागी.
जवळजवळ सबंध रणगाडा होता तो.
नव्हती ती फक्त
हे सगळं बसवायला हिरवी काया.

तेवढी मिळते, एकोणीस युरोला.
मी मागवली आहे.
नाव माझंच घातलंय, इर्मेली,
म्हणजे पोस्टातली मुलगी
खोकं माझ्याच हाती देईल.