रकाना चौदा

अक्कलकोट रोड एमआयडीसी, पत्र्याचं छत.
बाहेर त्रेचाळीस पॉइंट आठ.
मी टॉवेलच्या एक्स्पोर्टचे फॉर्म भरते.

हॅम्बुर्गवाले विचारतात, रकाना चौदा:
एका टॉवेलमागे धूर किती? ग्रॅममध्ये लिहा.
त्यांनी स्वतःच्या अणुभट्ट्या बंद केल्या,
भीतीनं की विचारानं,
त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही.
पलीकडे लियाँ, तिथले दिवे अणूवरच,
त्यांचा फॉर्म आखूड: बॉयलर कशावर?
बगॅसवर, लिहिते मी.
(बगॅस संपला की मल्लेशम कोळसा ओढतो.
हे पेन्सिलीनं.)

ऑस्लोची बाई मेलमध्ये फार गोड.
तिच्या रस्त्यावर गाड्यांना आवाज नाही,
समुद्रातलं तेल मात्र जगाला विकतात.
आमची लच्चम्मा दिवसाला हजार विड्या वळते
आणि घरात कुणाला ओढू देत नाही.
मला त्यात खोट दिसत नाही.
थोडी दिसते.

ओसाकाचे साहेब उन्हाळ्यात टाय सोडतात,
एसी अठ्ठावीसवर. सरकारचंच सांगणं म्हणे.
मल्लेशमला सांगितलं तर खोकेपर्यंत हसला,
"अठ्ठावीस? ती तर गड्ड्याच्या जत्रेतली दुपार की ओ ताई,
आमी स्वेटर घालतो त्याला!"

छतावर पॅनल बसवलीत, चीनची.
ती घडताना तिकडं कोळसा जळला असेल.
तिथंही एखादी माझ्यासारखी बसली असेल,
रकाना चौदापाशी, पेन चावत.

माझ्या देशाचा फॉर्म मला कुणी पाठवत नाही.
फताटेवाडीची चिमणी गच्चीवरून दिसते,
तिला पाणी लागतं, उजनीचं.
मलाही लागतं, उजनीचंच.
माझा नंबर पाचव्या दिवशी,
रात्री दोनला, घागरी मांडून.
आणि तिनं वीज नाही दिली
तर हे माग, हा पगार, हा डोक्यावरचा पंखा?
मी चिमणीला शिव्या देत नाही.
नमस्कारही करत नाही.

मालक म्हणतात, गेल्या वर्षीचाच आकडा टाक.
टाकत होते, तेवढ्यात लाइट गेली.
एकेक करत सगळे माग थांबले.
कानांत नुसती शांतता वाजायला लागली.
दहा मिनिटं आम्ही
जगातला सगळ्यात स्वच्छ देश होतो.

घामाचा थेंब रकान्यावर पडला, शाई पसरली.
हाताशी हॅम्बुर्गचा नमुना होता,
पांढरा, सहाशे ग्रॅमचा.
त्यानंच मान पुसली.
आता तो पाठवता येणार नाही.